हेलिओस ५२२ : न वाचलेले दिवे

१४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस एअरवेजचं बोईंग ७३७ विमान सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालं आणि ग्रीसच्या डोंगरात कोसळलं. ११५ प्रवासी आणि ६ कर्मचारी, असे १२१ जण त्यात होते. एकही वाचला नाही. विमानाला आग लागली नव्हती, वादळ आडवं आलं नव्हतं, इंजिनं टाकीतलं इंधन संपेपर्यंत चालत राहिली. कॉकपिटमधला एक खटका चुकीच्या जागी राहिला होता, आणि विमान दिवे लावून व भोंगा वाजवून ते सांगत होतं.

हा घटनाक्रम मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा, असं मला मनापासून वाटतं. इशाऱ्याचा दिवा लागणं आणि त्याचा अर्थ कळणं यांत किती अंतर असू शकतं, हे त्यातून मिनिटामिनिटाने दिसतं. सगळ्या वेळा सायप्रस आणि ग्रीसमधल्या आहेत.

रात्री १:२५ (उरले १० तास ३९ मिनिटे)

विमान लंडनहून लार्नाकाला उतरलं. मागच्या उजव्या दाराजवळून मोठे आवाज येतात, दाराच्या कडेला बर्फ धरतो, अशी तक्रार केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी नोंदवली. दारातून हवा गळते का हे पाहायला जमिनीवरच्या इंजिनीअरने केबिनमध्ये दाब भरून चाचणी घेतली. त्यासाठी हवेच्या दाबाचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर न्यावा लागतो. चाचणी झाली, गळती सापडली नाही. खटका मात्र ‘मॅन्युअल’वरच राहिला.

उंचावर हवा विरळ होते. म्हणून विमान इंजिनांकडून दाबाखालची हवा घेऊन केबिनमध्ये सोडतं आणि मागच्या एका झडपेतून ती हवी तेवढीच बाहेर जाऊ देतं. खटका ‘ऑटो’वर असेल तर ही झडप आपोआप हलते आणि आतली हवा जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असावी तशी राहते. ‘मॅन्युअल’वर झडप हलवणं वैमानिकाच्या हातात असतं. त्या सकाळी ती अर्धवट उघडी होती.

सकाळी ९:०७ (उरले २ तास ५७ मिनिटे)

विमान उडालं. तोवर तो खटका तपासण्याच्या दोन वेळा हुकल्या होत्या : उड्डाणाआधीच्या तयारीत आणि इंजिनं सुरू झाल्यावर. उड्डाणानंतरच्या तपासणीत तिसरीही हुकली.

खटका ‘मॅन्युअल’वर असला की डोक्यावरच्या फळीवर एक दिवा लागतो. तो हिरवा असतो. आपण हिरव्याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावतो. फळीवरचा हिरवा दिवा फक्त एवढंच सांगतो की अमुक गोष्ट सुरू आहे. ती आत्ता सुरू असायला हवी का, हे माणसाने ठरवायचं असतं. वैमानिक दोघेही अनुभवी होते. रोज ‘ऑटो’वरच असणाऱ्या खटक्याकडे डोळे जातात तेव्हा तो तिथेच आहे असं मन आधीच धरून चालतं. सवयीच्या तपासणीत हा धोका कायमचा असतो.

९:१२ (उरले २ तास ५२ मिनिटे)

विमान १२,०४० फुटांवर असताना भोंगा वाजला. केबिनमधली हवा १०,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली, की हा भोंगा वाजतो. त्यावरची कृती ठरलेली आहे : चढणं थांबवा, ऑक्सिजनचे मास्क लावा.

या विमानात अगदी याच आवाजाचा भोंगा आणखी एका कारणासाठी होता. उड्डाणाच्या तयारीत काही राहिलं असेल, पंखांचे फ्लॅप नीट लावलेले नसतील, तर धावपट्टीवर हाच भोंगा वाजतो. वैमानिकांना कारकिर्दीत हा आवाज ऐकू आला असेल तर तो बहुधा जमिनीवरच. त्यांनी तोच अर्थ लावला.

माझ्या मते साऱ्या दुर्घटनेचं मूळ या क्षणात आहे. उड्डाणाच्या तयारीचा भोंगा फक्त जमिनीवर वाजू शकतो. विमान बारा हजार फुटांवर होतं, म्हणजे तो अर्थ तिथे लागूच पडत नव्हता. ‘हा आवाज आत्ता, इथे, कशामुळे येऊ शकतो?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर दुसरंच उत्तर उरलं असतं.

९:१४ (उरले २ तास ५० मिनिटे)

कॅप्टनने कंपनीशी रेडिओवर संपर्क साधला आणि उड्डाणाच्या तयारीचा इशारा येतोय असं कळवलं. विमान चढतच होतं.

आता डोक्यावरच्या फळीवर दिवे लागायला लागले. यंत्रांना थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा इशारा आला, कारण विरळ हवेत त्या पंख्यांमधून पुरेसा झोत जात नव्हता. त्यासोबत सगळ्या बिघाडांसाठी सामाईक असलेला सावधानतेचा दिवाही लागला. सुमारे १८,००० फुटांवर प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजन मास्क आपोआप खाली आले आणि त्याचाही दिवा कॉकपिटमध्ये लागला. भोंगा, पंखे, मास्क ही एकाच दुखण्याची लक्षणं होती. कॉकपिटमध्ये मात्र पंख्यांच्या दिव्याचा वेगळा बिघाड म्हणून माग काढणं सुरू झालं.

आणि माग काढणारा मेंदू स्वतःच उपाशी पडत चालला होता. ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा गुदमरल्यासारखं होतंच असं नाही. दुखत नाही, धाप लागेलच असंही नाही. विचार मंदावतो, एकाच गोष्टीला चिकटतो, आणि आपलं बरोबर चाललंय असं वाटत राहतं. म्हणून तर या इशाऱ्यावर आधी मास्क लावायचा आणि मग विचार करायचा, असा क्रम घालून दिलेला आहे.

९:२० (उरले २ तास ४४ मिनिटे)

रेडिओच्या दुसऱ्या टोकाला आता तोच इंजिनीअर होता, ज्याने पहाटे दाबाची चाचणी घेतली होती. दाबाचा खटका ‘ऑटो’वर आहे ना, असं आपण विचारलं, असं त्याने नंतर तपासात सांगितलं. नेमका प्रश्न, नेमक्या वेळी. कॅप्टनकडून उत्तराऐवजी उलट प्रश्न आला : पंख्यांचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत? ते कॅप्टनच्या आसनामागे असतात.

त्यानंतर कॉकपिटमधून कोणी बोललं नाही. शेवटचा संपर्क झाला तेव्हा विमान २८,९०० फुटांवर, जवळपास एव्हरेस्टच्या माथ्याइतक्या उंचीवर होतं.

९:२३ (उरले २ तास ४१ मिनिटे)

ऑटोपायलटने विमान ३४,००० फुटांवर सरळ केलं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण बारा मिनिटं पुरतो. विमानाने तातडीने खाली यावं, तोवरची ती सोय असते. विमान खाली आलं नाही.

१०:३८ (उरला १ तास २६ मिनिटे)

९:३७ ला ग्रीसच्या हद्दीत शिरलेलं विमान ठरलेल्या मार्गाने अथेन्सच्या विमानतळावरून गेलं आणि किया बेटाजवळ घिरट्या घालू लागलं. मार्ग संगणकात भरलेला होता, तो अचूक पाळला जात होता. अथेन्सचे नियंत्रक हाक मारत होते, उत्तर येत नव्हतं.

११:०५ (उरली ५९ मिनिटे)

ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ विमानं निया अँखियालोस तळावरून निघाली. ११:२४ ला त्यांनी विमान गाठलं. लढाऊ वैमानिकाला खिडकीतून दिसलं ते असं : कॅप्टनचं आसन रिकामं, सहवैमानिक पुढे कलंडलेला, केबिनमध्ये मास्क लोंबकळत आहेत.

११:४९ (उरली १५ मिनिटे)

कॉकपिटमध्ये एक माणूस शिरला आणि कॅप्टनच्या आसनावर बसला. तो पंचवीस वर्षांचा विमानकर्मचारी आंद्रेआस प्रोद्रोमू होता. केबिनमधल्या सुट्या ऑक्सिजन सिलिंडरवर तो शुद्धीवर राहिला असावा. त्याच्याकडे विमान चालवण्याचा परवाना होता, पण तो ७३७ चालवायला शिकलेला नव्हता. मिनिटभरातच, ११:५० ला, इंधन संपून डावं इंजिन बंद पडलं.

११:५४ (उरली १० मिनिटे)

कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रकावर ‘मेडे’ ही संकटाची हाक दोनदा नोंदली गेली. आवाज क्षीण होता. ती हाक जमिनीवर कोणालाही ऐकू गेली नाही.

दुपारी १२:०० (उरली ४ मिनिटे)

उजवं इंजिनही थांबलं.

१२:०४

अथेन्सच्या उत्तरेला, ग्रामातिको गावाजवळच्या टेकड्यांवर विमान कोसळलं.

त्यानंतर

ग्रीसच्या तपास मंडळाने २००६ मध्ये अहवाल दिला. खटक्याची जागा लक्षात आली नाही आणि इशाऱ्यांचा अर्थ लागला नाही, हे त्यात थेट कारण म्हणून नोंदलं आहे. वैमानिकांना दोष देऊन मात्र हे प्रकरण संपत नाही. दोन वेगळ्या संकटांसाठी एकच आवाज ठेवणं ही रचनेचीच उणीव होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जुन्या ७३७ विमानांत दोन नवे दिवे बसवण्याचा आदेश काढला : एक उड्डाणाच्या तयारीसाठी, दुसरा केबिनच्या दाबासाठी. भोंगा वाजला तर तो कशासाठी, हे आता दिव्यावर लिहिलेलं दिसतं.

एवढ्याने धोका संपला असंही नाही. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ मध्ये इंजिनांची हवा केबिनकडे वळवणारा खटका लावायचा राहिला. मास्क खाली आले, अनेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. विमान मुंबईला परत फिरलं, म्हणून सगळे जगले.

आपल्या मोटारीत

मोटारीच्या डॅशबोर्डवरही एक असा दिवा आहे. लाल वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला. बहुतेक गाड्यांत तो हँडब्रेक ओढलेला असताना लागतो, आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी तोच लागतो. दोन अर्थ, एक दिवा. रोज तो हँडब्रेकमुळे दिसतो, म्हणून चालत्या गाडीत लागला तरी हात हँडब्रेककडे जातो. तो खाली असूनही दिवा विझत नसेल तर दुसराच अर्थ उरतो. वरंधा किंवा आंबेनळी घाटाच्या उतारावर तो चुकला तर पायाखालचा ब्रेक शेवटपर्यंत दाबूनही गाडी थांबेलच असं नाही.

तेलाच्या किटलीचा लाल दिवा असाच चुकीचा वाचला जातो. तेल थोडं कमी झालंय, पुढच्या पंपावर टाकू, असं अनेकांना वाटतं. तो दिवा तेलाच्या दाबाचा आहे. दाब नसेल तर इंजिनातले भाग कोरडे घासतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर बहुधा चार्जिंग थांबलेलं असतं. कित्येक गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात, म्हणून पट्टा तुटला की पाठोपाठ तापमानाचा लाल दिवाही येतो. दोन दिवे, दुखणं एक. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर दाखवून घ्यावी. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि ते न जळता धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकतं, म्हणून वेग लगेच उतरवावा.

किल्ली फिरवली की इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात आणि विझतात. ती त्यांची स्वतःची तपासणी आहे. तेव्हा जो लागतच नाही, तो गरजेच्या वेळीही लागणार नाही. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात प्रत्येक दिव्याचे सगळे अर्थ दिलेले असतात. ते पान घरी, निवांतपणे वाचायचं आहे.

रस्त्यावर मात्र क्रम पाळायचा तो वैमानिकांना घालून दिलेलाच. हेलिओसमध्ये अर्थ शोधणं चालू राहिलं आणि चढणंही चालू राहिलं. चढणं थांबवलं असतं तर अर्थ शोधायला हवा आणि वेळ दोन्ही मिळाले असते. लाल दिवा लागला की आधी गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि मगच तो का लागला याचा विचार सुरू करा.