रविवार कोणत्या पेपरात येतो?

शाळेतल्या इतिहासावर मी बोलणार, आणि माझी स्वतःची शाळा सातवीलाच सुटलेली! 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतले.

परळच्या त्या कचेरीत सभासदांची मुले संध्याकाळी अभ्यासाला बसतात. दहावीतल्या एका मुलीला मी सहज विचारले, "रविवारची सुट्टी कशी मिळाली?" ती म्हणाली, "काका, हे कोणत्या पेपरात येते?"

मी निरुत्तर झालो. शालान्त परीक्षेत समाजशास्त्रांचे गुण 100. इतिहास व राज्यशास्त्र मिळून 40, भूगोल 40, उरलेले 20 अंतर्गत. आता रविवार कोठे बसवावयाचा? नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून कामगारांच्या सभा भरवून सुट्टी मागितली, 1890 साली मुंबईच्या मालकांनी ती मान्य केली, हा इतिहास. 1891 च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, हे राज्यशास्त्र. पण गिरण्या येथेच का निघाल्या? बंदर जवळ, आगगाडीने खानदेश-वऱ्हाडचा कापूस येणार, आणि दमट हवेत सूत कमी तुटते. हा झाला भूगोल. शेतीवर पोट भागेना म्हणून रत्नागिरी-साताऱ्याचा माणूस येथे आला, तो कोणत्या पुस्तकात घालाल? गिरणीत तर हे सारे एकाच दारातून आत जात होते.

2018 साली आलेले दहावीचे इतिहासाचे पुस्तक मी दोनदा वाचले. पुस्तक चांगले आहे. इतिहास कसा लिहितात हे त्यात सांगितले आहे; मार्क्सवादी इतिहासलेखनात श्रीपाद अमृत डांगे यांचे नाव आहे. त्या मुलीला ते पाठ होते. परंतु 1928 चा सहा महिन्यांचा गिरणी संप चालविणाऱ्यांत तेच डांगे होते, आणि तिचे पणजोबा त्याच संपात घरी बसले होते, हे तिला ठाऊक नव्हते. तिचा दोष काय? एका वाक्यात उत्तर लिहा, एवढेच तिला विचारले जाणार!

माझी मागणी लहान आहे. अंतर्गत 20 गुणांपैकी 10 तरी मुलांनी आपल्या घरात, चाळीत, नाक्यावर विचारून लिहिलेल्या वहीला द्यावेत. गुण मिळाल्याखेरीज मुले विचारणार नाहीत, हे मी सभासदांच्या घरी रोज पाहतो.

त्या मुलीने गुणांवाचूनच एक वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिच्या आजोबांचा गिरणीतला तिकीट नंबर आहे.