दुखण्यातून उठल्यावर घेतलेले जुने पिस्तूल : हौस, शिलेदारी आणि कायदा

दीर्घ दुखण्यातून माणूस उठला की त्याचा पुनर्जन्म झाला, असे आपण म्हणतो. त्या पुनर्जन्माचे देणे बहुधा देवाला फेडले जाते. नवस, अभिषेक, अन्नदान, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. वाचलेल्या माणसाने स्वतःलाही काही द्यावे, ही कल्पना आपल्याकडे अजून थोडी संकोचाची आहे. पाश्चात्त्य देशांत ती रुळली आहे, आणि तेथील काही जण असे बक्षीस म्हणून जुनी पिस्तुले जमवू लागतात. या धाग्याचा विषय तोच, पण प्रश्न इथला : हीच हौस बीड जिल्ह्यातील एखाद्याच्या मनात आली, तर काय होईल?

आधी अमेरिकेचे पाहू. तेथील १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले हत्यार ‘पुरातन’ ठरते आणि संघराज्याच्या कायद्यापुरते ते बंदुकीच्या व्याख्येतच बसत नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, हे खरे. तरीही सॅम्युएल कोल्टच्या कारखान्यातील १८५१च्या नमुन्याचे रिव्हॉल्व्हर तेथे सामान्यतः घड्याळासारखे किंवा नाण्यासारखे विकत घेता येते. रुग्णालयातून परतलेला माणूस ते टेबलावर ठेवून त्याच्या चक्रावरील कोरीव नक्षी न्याहाळत बसू शकतो.

तेच रिव्हॉल्व्हर बीडमध्ये आणायचे म्हटले, तर मात्र गाठ जिल्हाधिकारी कार्यालयाशी पडते. वस्तू एकच, वयही तेच. फरक पडतो तो दोन भूमींच्या इतिहासामुळे, आणि हा इतिहास आपल्या अंगणातलाच आहे.

गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामाच्या सैन्याचा एक भाग नदी उतरून गेला होता. उरलेल्या भागावर मराठे तुटून पडले आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यात सापडले असता त्यांना सोडवणारे माधवराव पेशवे तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते. पुढे नऊ वर्षांनी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, क्षयाने थेऊर येथे त्यांचे देहावसान झाले. दुखण्यातून उठण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

या लढाईतील स्वाराच्या कमरेला पिस्तूल होते, असे चित्र चित्रपटांमुळे आपल्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः घोडेस्वाराचा भरवसा भाल्यावर आणि तलवारीवर असे. याला तांत्रिक कारण आहे. आपल्याकडे चालणारी बंदूक मुख्यतः तोड्याची : दोरीची पेटती बत्ती, म्हणजे जामगी, रंजकावर टेकवायची आणि बार उडवायचा. ही बत्ती सतत जळत ठेवावी लागे. जळती दोरी असलेले हत्यार कमरेला खोचता येत नाही, खोगिराच्या पिशवीतही ठेवता येत नाही. म्हणजे लहान, एका हाताने चालवायचे हत्यार उपयोगी ठरण्यासाठी आधी ही आग नाहीशी व्हायला हवी होती. दगडातून ठिणगी पाडणारी कळ युरोपात रुळली आणि पिस्तूल खऱ्या अर्थाने वापरात आले. आपल्या जुन्या कागदांत अशा बंदुकीला ‘पथरकला’ म्हणतात. नावातच दगड आहे.

मग ही कळ इथे सर्वत्र का पसरली नाही? मागासलेपणामुळे, असे सरसकट उत्तर दिले जाते. मला ते आळशी उत्तर वाटते. तोड्याची बंदूक स्वस्त होती, तिच्यात बिघडण्यासारखे थोडेच होते आणि बिघडलीच तर गावचा लोहार ती दुरुस्त करू शकत असे. चकमकीच्या कळीला चांगल्या पोलादाची कमान लागते, योग्य जातीची गारगोटी लागते. गरीब शिपायाने तोड्याची बंदूक सोडली नाही, यात त्याचा हिशेब पक्का होता. पिस्तूल म्हणूनच दीर्घकाळ सरदारांची, नजराण्यांची आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्तू राहिले. मराठीतील ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. ‘तमंचा’ मात्र फारसीच्या वाटेने आला.

आता ज्या गोष्टीवर सारे अवलंबून आहे, तिच्याकडे वळू. मराठा फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. हीच पद्धत पुढे इंग्रजांनी ‘सिल्लादारी’ या नावाने आपल्या देशी रिसाल्यांत उचलली. अंबाजोगाई, म्हणजे निजामी अमलातील मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. हे सैन्य निजामाच्या नावाचे, पण हुकमत इंग्रजांची. १९०३मध्ये ते हिंदुस्थानी फौजेत मिसळून टाकण्यात आले.

शिलेदारीचा अर्थ नीट लक्षात घ्या, वाचकहो. हत्यार हे शिपायाचे भांडवल होते, जमीन किंवा बैलजोडीसारखे. चाकरी संपली की ते घरी येई, मुलाकडे जाई, अडचणीच्या काळात गहाणही पडे. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत ठासणीची बंदूक किंवा गंजलेले पिस्तूल आढळते, तेव्हा ते लुटीचेच असेल असे समजण्याचे कारण नाही. ती एखाद्या पूर्वजाच्या नोकरीची खूणही असू शकते. घरात शस्त्र असणे हा गुन्हा नव्हता, ती पात्रता होती.

ही पात्रता गुन्हा कशी झाली? १८५७ने इंग्रजांची झोप उडवली आणि १८७८मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, हा भेद लोकांना फार बोचला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने इंग्रजी कायदा तेथे थेट लागू नव्हता. काही भागांत सीना नदी हीच दोन राज्यांची हद्द होती. एका काठावर अहमदनगर जिल्हा आणि इंग्रजांचा कायदा, दुसऱ्या काठावर निजामाचा अंमल.

या कायद्याच्या छायेत पिस्तुलाचा अर्थ पालटला. १९०९च्या प्रारंभी सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे शिकत होते ते औरंगाबादेस, म्हणजे निजामाच्या हद्दीत. राक्षसभुवनच्या काळात सरदाराच्या हौसेची असलेली वस्तू दीडशे वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या कोटात लपली होती. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तेथून पुढे कोणत्याही सरकारच्या दृष्टीने लहान हत्यार हे मोठ्या बंदुकीपेक्षा अधिक संशयास्पद ठरले, कारण ते लपते.

१९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. रझाकारांचे निःशस्त्रीकरण झाले. स्वतंत्र भारताने १९५९मध्ये नवा शस्त्र कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वंशभेदाची सूट गेली, परवाना मात्र राहिला. त्यात आणखी एक बाब आहे. .३८, .४५५ आणि ९ मिमी या लष्करी-पोलिसी मापांची हत्यारे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. १८८७पासून इंग्रजी फौजेत असलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर याच .४५५ मापाचे. म्हणजे हौशी संग्राहकाला जे सर्वांत आधी हवेसे वाटेल, तेच त्याला सहजी मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडील परवान्याच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारसाहक्काने आलेली हत्यारेही याच मोजणीत धरली जातात. दोन वस्तूंना संग्रह म्हणणे कठीणच.

तरीही कायद्यात एक फट आहे आणि ती इतिहासप्रेमींनी जाणून घ्यावी. कलम ४५ सांगते की जुनाट नमुन्याचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द निर्णायक आहेत. वाड्यातील चकमकी पिस्तुलाची कमान मोडलेली आहे, एवढ्याने ते सुटत नाही. कमान नवी बसवता येते. हत्यार त्या वर्गात बसते की नाही, हे मालकाने स्वतः ठरवायचे नसते.

येथे खरा पेच आहे. पिस्तूल कायमचे निकामी करायचे तर नळी बुजवावी लागते, कळ मारावी लागते, आणि त्या पिस्तुलाचा अर्धा इतिहास नेमका तेथेच असतो. नळीच्या तळाशी इंग्रजी चाचणीगृहाचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३चे आहे, तेव्हा त्याचा ठसा असलेली नळी त्याआधीची असणार नाही. कळीच्या पट्टीवर कधी चार भागांत विभागलेले हृदय आणि त्यात अक्षरे दिसतात. ती ईस्ट इंडिया कंपनीची जुनी मुद्रा. मागच्या पायांवर उभा सिंह दिसला, तर तो कंपनीचा १८०८ नंतरचा शिक्का. चकमकीची कळ काढून तिच्या जागी तांब्याच्या टोपीवर आपटणारा घोडा बसवलेला असेल, तर बदलत्या तंत्राबरोबर ते हत्यार पुन्हा कामाला जुंपले गेले, हे कळते. बाजारात ‘टॉवर’ असा ठसा मारलेली, आम्लाने गंजवलेली नवी पिस्तुलेही मिळतात. अक्षरे वेडीवाकडी आणि गंज सर्वत्र सारखाच असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. उलट अस्सल वस्तू सापडली, तर तिला वाळूकागद लावू नये. गंजाबरोबर ठसेही जातात.

बीडच्या संदर्भात हा विषय आज नाजूक आहे, हेही लपवून चालणार नाही. २०२४च्या अखेरीस येथील शस्त्रपरवान्यांची संख्या राज्यभर चर्चेला आली आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. हवेत गोळीबार करून रुबाब मिरवणाऱ्यांमुळे जुन्या पिस्तुलाची नोंद करायला निघालेला अभ्यासूही संशयाच्या नजरेने पाहिला जातो. मग घरातील वृद्ध गप्प राहतात, आणि वस्तूबरोबर तिची हकीकतही माळ्यावर पडून राहते. माझ्या मते परवान्यांची कडक छाननी योग्यच आहे. पण जुन्या हत्यारांची नोंद आणि छायाचित्रण करून ती संग्रहालयात जमा करण्याची सोपी वाट जिल्ह्याजिल्ह्यांत असायला हवी.

आपल्याकडे दुखण्यातून किंवा दुःखातून संग्रह उभे राहिलेच नाहीत, असे मात्र नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा मुलगा पुढे बडोद्याचा सयाजीराव महाराज झाला. निद्रानाशाने आणि थकव्याने जर्जर झाल्यावर प्रकृतीसाठी म्हणून ते १८८७मध्ये प्रथम युरोपला गेले. अशा प्रवासांतून आणलेल्या कलावस्तू त्यांनी महालातच ठेवल्या नाहीत. १८९४मध्ये बडोद्यास संग्रहालय उभे राहिले. पुण्यात जन्मलेले तिसरे सालारजंग निजामाचे दिवाणपद १९१४मध्ये सोडून मोकळे झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी वस्तू जमवण्यात घालवले. त्यांतील शस्त्रे आज हैदराबादच्या संग्रहालयात आहेत, जे १९५१मध्ये सर्वांसाठी उघडले. पुण्याच्या दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. सुमारे २०,००० वस्तूंचा आपला संग्रह केळकरांनी त्याच्या नावाने उभा केला आणि १९७५मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

केळकर संग्रहालयात गेलात तर बारूददाण्यांपुढे थोडे थांबा. ठासणीच्या हत्याराची ही नित्याची सोबतीण. रिकाम्या बारूददाणीला शस्त्रपरवाना लागत नाही. गज, गारगोट्या, चामड्याची पिशवी, शिलेदाराच्या नेमणुकीचा कागद, यांनाही तो लागत नाही. पिस्तुलाशिवाय पिस्तुलाचा सारा संसार जमवता येतो, आणि दुखण्यातून उठलेल्या हातांना त्याचे वजनही पेलते. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरात ठेवता येते. तिच्याबद्दल आजोबा जे सांगतील, ते त्याच दिवशी तारीख घालून वहीत उतरवून घ्यावे.