गाडीचा फोटो आणि बाराचा रोल

गाड्यांचे फोटो काढायचा नाद असेल आणि मुक्काम कोल्हापुरात असेल, तर दसऱ्याची संध्याकाळ राखून ठेवावीच लागते. त्या दिवशी राजघराण्यातली मंडळी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातल्या मेबॅकमधून दसरा चौकात येतात. राजाराम महाराजांची कारकीर्द १९२२ ते १९४० अशी. मेबॅक ही मूळची झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणारी जर्मन कंपनी. असली गाडी म्युझियममध्ये दोरीमागे बघणं वेगळं आणि रस्त्यावर चालताना बघणं वेगळं!

आता चौकात काय होतं? हजारभर मोबाईल वर जातात आणि प्रत्येकाला हवी असते फक्त गाडी. मधे कुणाचं डोकं आलं की "ओ, जरा बाजूला व्हा की!" सुरू. माझं म्हणणं असं, की ते डोकं येऊ द्यावं. का ते सांगतो. त्यासाठी इतिहासात थोडं मागे जावं लागेल.

त्याआधी थोडं तंत्र. गाडी म्हणजे गुळगुळीत, वाकडातिकडा आरसा. आपण फोटो काढतो तो खरं तर गाडीत पडलेल्या आभाळाचा आणि रस्त्याचा. म्हणून भर दुपारी कितीही भारी कॅमेरा घेऊन गेलात तरी बॉनेटवर पांढरे डाग येणार. सूर्य नुकताच बुडाल्यावर मात्र सगळं आभाळ एक मोठा मऊ दिवा होतं आणि गाडीची प्रत्येक वळणरेषा उठून दिसते. शमीपूजनही सूर्यास्ताच्या सुमारासच असतं. म्हणजे मुहूर्त आपल्याच सोयीचा! बाकी नियम सगळ्यांना ठाऊक असतात. हेडलाईटच्या उंचीवर बसा, अगदी जवळून वाईड लेन्सने काढू नका (नाक सुजल्यासारखं दिसतं), आणि छतातून विजेचा खांब उगवू देऊ नका.

असो. आता इतिहास.

हौसेने गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांचा मूळपुरुष मानायचा तर फ्रान्सचा जाक-आंरी लार्तिग. जन्म १८९४, घरचा श्रीमंत, लहानपणापासून हातात कॅमेरा. पहिल्या महायुद्धाच्या आधी, ऐन तारुण्यात, त्याने मोटारशर्यतीत धावणाऱ्या गाडीसोबत कॅमेरा फिरवत एक फोटो काढला. गाडी अर्धीच आलीये, चाक अंड्यासारखं पुढे झुकलंय आणि मागचे प्रेक्षक व खांब उलट दिशेला कललेत. कारण त्याच्या कॅमेऱ्याचं शटर. त्यातली फट काचेवरून सरकत जायची, त्यामुळे चाकाचा तळ आधी नोंदला गेला, वरचा भाग नंतर, आणि तेवढ्यात गाडी पुढे! आपल्या मोबाईलचा सेन्सरही चित्र ओळीओळीने वाचतो. धावत्या बसमधून खांब तिरपे दिसतात ते याचमुळे. आपण त्याला बग म्हणतो. लार्तिगलाही तेव्हा तो फोटो फसल्यासारखाच वाटला होता. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं प्रदर्शन भरवलं आणि आज वेगाचा फोटो म्हटलं की तोच आठवतो. आता त्यातले ते कललेले प्रेक्षक पुसून टाका. उरतं एक वाकडं चाक. वेग कळतो तो माणसांमुळे.

लार्तिगच्या घरी गाडीही होती आणि कॅमेराही. आपल्याकडेही सुरुवातीला दोन्ही गोष्टी राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्याच. पण कोल्हापुरात एक वेगळी गोष्ट घडली. बाबुराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी धरून चक्क कॅमेराच गावात तयार केला. म्हणजे कॅमेरा ही इथं विकत घ्यायची नव्हे, घडवायची वस्तू होती. आणि १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी तो वळवला कुणाकडे? जमीन गमावून गिरणीत मजुरी करायला गेलेल्या शेतकऱ्याकडे. कॅमेरा माणसांकडे वळवायचा धडा या गावाला शंभर वर्षांपूर्वीच मिळालाय.

पुढे अग्फा क्लिक थ्रीसारखे साधे कॅमेरे मध्यमवर्गीय घरांत आले. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. रोल धुवायचा खर्च वेगळा. अशा वेळी नुसत्या गाडीवर एक फोटो कोण उधळणार? म्हणून त्या काळच्या फोटोंत अँबॅसेडर किंवा फियाट एकटी कधी नसते. शेजारी कुणीतरी बॉनेटवर हात ठेवून उभं असतंच.

आमच्या घरी आजोबांचे मिळून चार फोटो आहेत. त्यातला एक असाच गाडीशेजारचा. गाडी आमची नव्हती, आजोबांनी आयुष्यभर सायकलच चालवली. कुणाच्या तरी लग्नाची, फुलं लावलेली अँबॅसेडर. आजोबा ताठ उभे, टोपी नीट केलेली, मागे एका दुकानाची अर्धी पाटी आणि कडेला फ्रेममध्ये घुसलेलं एक पोर. आजच्या नियमाने बघाल तर फोटो पार वाया. पण आजोबा उभे कसे राहायचे हे मला त्या फोटोतूनच कळतं. फोटो काढणाऱ्याने "बाजूला व्हा" म्हटलं असतं तर आज घरात एक अँबॅसेडर असती आणि आजोबा तीनच!

गाड्या काय, कारखान्यातून एकसारख्या निघतात. अँबॅसेडर १९५० च्या दशकापासून २०१४ पर्यंत बनत होती, तिचे हवे तितके फोटो मिळतील. मिळणार नाही ती त्या दिवशीची गल्ली, ती पाटी, ते पोर. फुकटात हजार फोटो मिळायला लागले आणि आपण नेमकं हेच गाळायला लागलो.

तेव्हा मंडळी, चकाचक फोटो जरूर काढा. मीही काढतो, नाद आहे शेवटी. पण बारा चकाचक झाले की तेरावा दोन पावलं मागे सरकून काढा. ड्रायव्हर, मेकॅनिक, चहावाला, जो असेल तो येऊ द्या. नेटवर टाकताना नंबरप्लेट पुसा, पण मूळ फोटो तसाच ठेवा. 'एम.एच. ०९' एवढ्या चार अक्षरांवरून नातवाला कोल्हापूर कळेल. आणि फाईलला नाव द्या हो! तारीख, जागा, माणसं. त्याला कॉमेंट लिहिण्याइतकाच वेळ लागतो, आणि तीही आपण लिहीत नाही हे मला माहीत आहे.