परै, बारगीर, शिपाई

सध्या मुक्काम चेन्नईत, नुंगंबाक्कमला. इथे कॉलेज रोड नावाचा एक झाडीचा रस्ता आहे. आजूबाजूला कॉलेजं आहेत म्हणून हे नाव पडलं असावं असं कुणालाही वाटेल. पण नावातलं कॉलेज वेगळं आहे. ते म्हणजे १८१२ मध्ये सुरू झालेलं फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज. विलायतेहून आलेल्या कंपनीच्या कोवळ्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवायची ती शाळा. ज्यांच्यावर अंमल चालवायचा त्यांची बोली कळली पाहिजे, हा साधा हिशेब. तिचा संस्थापक फ्रान्सिस व्हाइट एलिस याने १८१६ मध्येच लिहून ठेवलं की तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषा एका वेगळ्या कुळातल्या आहेत, त्या संस्कृतातून निघालेल्या नाहीत.

पण शब्दांची वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. साहेब तमिळ शिकत होता तेव्हा इंग्रजीही तमिळ शब्द उचलत होती. कट्टुमरमचं कॅटामरान झालं, मिळगुतण्णीचं मलिगटॉनी सूप झालं. आणि परैयर या शब्दाचं ‘परिया’ झालं. पहिल्या दोन शब्दांबद्दल कुणाची तक्रार नाही. तिसरा मात्र जगभर शिवी होऊन फिरला. जुन्या शिव्या कशा जन्मतात हे समजून घ्यायचं तर याच्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

परै म्हणजे चामड्याने मढवलेलं एक वाद्य, साधारण आपल्या हलगीच्या जातीचं. शेकोटीवर तापवून कातडं ताणून घ्यायचं आणि दोन काड्यांनी वाजवायचं. ते वाजवणारे ते परैयर, ही सर्वांच्या माहितीतली व्युत्पत्ती. संगम काळात राजाज्ञा पुकारायला, लढाईला माणसं गोळा करायला, पेरणी-कापणीला, मरणाला, सगळीकडे ही परै लागायची. ‘पुऱनानूऱु’ या प्राचीन संग्रहातल्या एका रचनेत तुडियन, पाणन, परैयन आणि कडंबन ही चार कुळं मोठ्या मानाने सांगितली आहेत. यांच्यापलीकडे कुळ नाही, असा तिथला सूर आहे. म्हणजे ज्या नावाची पुढे शिवी झाली, ते एके काळी अभिमानाने घेतलं जात होतं.

मधल्या शतकांत जातीची उतरंड घट्ट झाली. वाजवणारा गावकुसाबाहेर गेला, त्याच्या वस्तीला परैचेरी म्हणू लागले. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून इंग्रज या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांनी हा शब्द वरच्या जातींच्या तोंडून, त्यातल्या तिरस्कारासकट ऐकला आणि तसाच उचलला. गंमत अशी, की गोऱ्यांच्या घरातले स्वयंपाकी, घोड्यांचे मोतद्दार आणि मद्रास सैन्यातले पुष्कळसे जवान याच समाजाचे. त्यांच्या हातचं खायचं, त्यांच्या बंदुकीवर विसंबायचं आणि रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्याला ‘परिया डॉग’, घिरट्या घालणाऱ्या घारीला ‘परिया काइट’ म्हणायचं!

तिथून शब्द युरोपात पोचला. १७९१ मध्ये बर्नार्दँ द सँ-पियर या फ्रेंच लेखकाने एका कथेत परियालाच शहाणा नायक केला. पुढे मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने ज्यू लोकांसाठी तो वापरला. आज जगाने वाळीत टाकलेल्या देशाला वर्तमानपत्रं बेधडक ‘परिया स्टेट’ म्हणतात. लिहिणाऱ्याला परै ठाऊक नसते आणि तिच्यामागे अख्खा एक समाज उभा आहे याची जाणीवही नसते.

अशा शब्दांची नोंद करणारा मोठा कोश म्हणजे १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’. त्याचे दोन कर्ते. हेन्री यूल हा बंगाल इंजिनियर्सचा कर्नल. आर्थर बर्नेल हा तंजावरला न्यायाधीश होता. आपल्या तंजावरकर भोसल्यांच्या ग्रंथसंग्रहातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यानेच केली, पण कोश छापून येण्याआधीच, १८८२ मध्ये तो वारला. खुद्द कोशाचं नावसुद्धा मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’चा गोऱ्या सोल्जरांनी केलेला अपभ्रंश आहे.

या कोशात गोऱ्यांनी एकमेकांना ठेवलेली नावंही आहेत. मद्रासवाले ‘मल’, कारण मलिगटॉनी पिणारे. मुंबईवाले ‘डक’, कारण बोंबील खाणारे. बोंबलाला ते बॉम्बे डक म्हणत. बंगालवाले ‘कोई-है’, कारण नोकराला तशी हाक मारणारे. ही चेष्टा झाली. आपल्या पलटणींत आजही हेच चालतं. तोफखानावाला पायदळाला चिडवतो, पायदळवाला रसदवाल्याला, आणि संध्याकाळी सगळे एकाच मेसमध्ये जेवतात. फरक कुठे आहे? डक म्हटल्यावर मुंबईवाला उलटून मल म्हणू शकत होता. परिया म्हणणाऱ्याला उलट उत्तर देण्याची सोय परैयराला नव्हती. चेष्टा बरोबरीच्यांत होते. उत्तर देण्याची सोय नसते तिथे तिची शिवी होते.

जगात कुठेही पाहा, जुन्या शिव्यांचा साचा फार बदलत नाही. इंग्रजीतला ‘व्हिलन’ मुळात जमीनदाराच्या वाड्याच्या शेतावर राबणारा कुळवाडी. आपलं ‘गावंढळ’ त्याचंच भावंड. शब्दकोश शहरात लिहिले जातात, त्यामुळे शहराच्या नावाची शिवी सहसा होत नाही. ‘बदमाश’ म्हणजे बद मआश, ज्याचं पोट भरायचं साधन वाईट तो. ग्रीकांना परक्यांचं बोलणं नुसतं ‘बर्बर’ ऐकू यायचं, म्हणून ते बार्बेरियन. आपल्याकडचा ‘म्लेच्छ’ही मुळात अस्पष्ट बोलणारा. व्हँडल लोकांनी ४५५ मध्ये रोम लुटलं, आणि तेरा शतकांनी, १७९४ मध्ये, फ्रान्समधल्या ग्रेग्वार नावाच्या धर्मगुरूने पुतळे फोडणाऱ्या क्रांतिकारकांना उद्देशून ‘व्हँडलिझम’ हा शब्द घडवला. म्हणजे माणसाचं काम, गाव, भाषा किंवा त्याची भीती, यातलं काहीतरी उचलायचं आणि त्याच्या कपाळी चिकटवायचं.

या तडाख्यातून आपण मराठेही सुटलेलो नाही. स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर स्वार होणारा तो बारगीर, हे आपल्याला शाळेपासून पाठ. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर जात राहिल्या. गावं जळली, पिकं गेली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच ‘मराठा डिच’. बंगालीत बारगीरचा ‘बर्गी’ झाला, आणि पोरांना निजवताना बर्गी आल्याची भीती घालणारं अंगाईगीत तिकडे आजही म्हटलं जातं. इकडे पगाराच्या यादीतला एक हुद्दा, तिकडे बागुलबुवा. आपला इतिहास वाचताना हा शब्दही वाचावा. आपल्या मोहिमा पलीकडून कशा दिसत होत्या, ते त्यात आहे.

आणि आपला ‘शिपाई’? फारसी ‘सिपाही’ म्हणजे सैनिक. इंग्रजीत तो सेपॉय झाला, स्पॅनिशमध्ये ‘सिपायो’. अर्जेंटिनाच्या राजकारणात सिपायो म्हणजे परक्यांचा हस्तक, देश विकणारा. स्पेनच्या बास्क प्रांतात तिथल्या पोलिसांना विरोधक याच शब्दाने हिणवतात. मराठीनेही कमी केलेलं नाही. कारकुनाचा कारकुंडा केला तसा शिपायाचा शिपुर्डा केला, आणि रणातल्या शिपायाला कचेरीच्या दारातल्या स्टुलावर आणून बसवलं.

आता एक शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला. ‘भामटा’. फसवणाऱ्याला आपण तो सहज लावतो, बातम्यांच्या मथळ्यांतही तो रोज असतो. पण भामटा हे एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारायला सुरुवात केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही नावं आजही आहेत. कायद्याने शिक्का पुसला, आपल्या जिभेने तो जपून ठेवला. शाळेच्या दाखल्यावर हा शब्द घेऊन वर्गात बसणाऱ्या मुलाला मास्तरांच्या तोंडून तोच शब्द चोर या अर्थाने ऐकावा लागतो. त्यालाही उलट उत्तर द्यायची सोय नसते.

मग अशा शब्दाचं काय करायचं? मद्रासने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ मध्ये इथे पत्र काढलं, त्याचं नाव ठेवलं ‘परैयन’. ज्या नावाने हिणवता, तेच मथळ्यावर छापतो, वाचा! हेच श्रीनिवासन पुढे १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या बरोबरीने बसले. दुसरी वाट एम. सी. राजा यांची. १९२२ मध्ये त्यांनी मद्रास कायदे मंडळात ठराव आणला, आणि सरकारी कागदांतून ‘परैया’ जाऊन ‘आदि द्रविड’ आलं.

महाराष्ट्रात हे काम आधी सुरू केलं ते लष्करातून निवृत्त झालेल्या एका माणसाने. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर. त्यांचं ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ चं. त्यानंतर थोड्याच वर्षांत महारांची सैन्यभरती बंद झाली. ‘लढवय्या जाती’ आणि बाकीच्या, अशी वाटणी तेव्हा लष्करात जोरात होती. तिचा मोठा पुरस्कर्ता लॉर्ड रॉबर्ट्स १८८१ ते ८५ या काळात मद्रास सैन्याचा सरसेनापती होता, आणि ज्या जवानांचं नेतृत्व केलं त्यांनाच त्याने कमी लेखलं. हीसुद्धा शिवीच, फक्त सरकारी शिक्क्याची. तिला उत्तर मिळालं ते महायुद्धात. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिने पुढे काय केलं ते या वाचकांना सांगायला नको.

मद्रास सॅपर्सची पलटण १७८० ची. तिच्यात परैयर जवान पिढ्यान्‌पिढ्या भरती झाले. त्या जवानाला फौजेत सगळे ‘तंबी’ म्हणतात. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. एकाच माणसाला गावाने एक नाव दिलं आणि सोबत खंदक खणणाऱ्यांनी दुसरं. कुठलं नाव चालवायचं हे शब्दकोश ठरवत नाही, बोलणारा ठरवतो. चोराला चोर म्हणायला मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. भामटा हा शब्द ज्यांचा आहे त्यांना त्यांचं नाव म्हणून परत द्यावा.