चार्लीबरोबरचा प्रवास आणि न सांगितलेली सोबत

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्हा शिक्षकांची एक सोय झालेली असते. लेखक त्या ठिकाणी गेला, त्याने ते पाहिले आणि पाहिले तसे लिहिले, एवढे गृहीत धरून आपण शैली, व्यक्तिचित्रे, निसर्गवर्णन या ओळखीच्या मुद्द्यांकडे वळतो. हे गृहीत कितपत पक्के आहे, याची चौकशी वर्गात क्वचितच होते. दोन वर्षांपूर्वी तौलनिक साहित्याच्या तासाला आम्ही जॉन स्टाइनबेक यांचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक वाचावयास घेतले, तेव्हा एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "सर, यातले निम्मे घडलेच नसेल तर आपण याला प्रवासवर्णन का म्हणायचे?" त्या तासाला आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हालाच पटले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

प्रथम प्रवासाची हकीकत. १९६० साली स्टाइनबेक अठ्ठावन्न वर्षांचे होते. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीला एकवीस वर्षे होऊन गेली होती. कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी जन्मलेला हा लेखक बरीच वर्षे न्यूयॉर्कच्या परिसरात राहत होता आणि ज्या देशाविषयी आपण लिहितो तो देश आपल्याला आता ठाऊक नाही, ही टोचणी त्यांना लागली होती. १९५९ च्या अखेरीस प्रकृतीने मोठा इशारा दिला होता. मरण्यापूर्वी एकदा देश पाहून घ्यावा म्हणून वडील निघाले, असे त्यांच्या थोरल्या मुलाचे मत होते. त्यांनी जीएमसी कंपनीचा पाऊण टनी पिकअप ट्रक घेतला आणि त्यावर एक लहानसे घर बसवून घेतले. त्यात दोघांची शय्या, चार शेगड्यांची चूल, शीतकपाट, गॅसवरचे दिवे, कपाटे आणि जाळीच्या खिडक्या होत्या. आज अशा गाड्या अमेरिकेत घरोघरी दिसतात. त्या काळी त्या रूढ होऊ लागल्या होत्या, इतकेच. दोन किहोतेच्या घोड्यावरून त्यांनी गाडीला 'रोसिनांते' हे नाव दिले. सोबतीला चार्ली हा मोठ्या चणीचा, पॅरिसजवळ जन्मलेला, वयस्क पूडल कुत्रा घेतला.

निघण्याच्या तोंडावर, १२ सप्टेंबरला, डोना नावाचे चक्रीवादळ लाँग आयलंडवर आदळले. ते ओसरल्यावर २३ सप्टेंबर १९६० रोजी सॅग हार्बर येथून गाडी निघाली. फेरीबोटीने खाडी ओलांडून ती न्यू इंग्लंडमध्ये शिरली आणि उत्तरेकडे मेन राज्याच्या किनाऱ्याला लागली. तो पानगळीचा मोसम होता. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची कामगारदिनाची सुटी संपली की अमेरिकेतील पर्यटक घरी परततात, किनाऱ्यावरची विश्रामगृहे ओस पडतात. पुस्तकाचा हा आरंभीचा भाग आम्हाला सर्वांत निवांत वाटतो. डिअर आइल या बेटावर लेखक आपल्या वाङ्मयीन एजंटबाईंच्या आग्रहावरून जातो, तेथील खडक, झाडे आणि शरदातला स्वच्छ प्रकाश पाहतो, ताजे लॉबस्टर खातो आणि घरातल्या माणूसघाण्या मांजराची थट्टा करतो. किनारा सोडून पुढे गेल्यावर बटाट्याच्या शेतांवर काढणीसाठी कॅनडातून आलेली फ्रेंचभाषक कुटुंबे भेटतात आणि गाडीत बसून त्यांच्याबरोबर ब्रँडी घेतली जाते. चाकांवरच्या घरांत कायम राहणारी माणसे पाहून मुळे रुजणे म्हणजे काय, असा प्रश्नही त्यांना याच टप्प्यावर पडतो.

चार्लीचे या कथनातले काम नीट पाहण्याजोगे आहे. अनोळखी गावात गाडी थांबली की पहिला प्रश्न येतो तो कुत्र्याच्या जातीबद्दल, आणि तेथून संभाषण सुरू होते. शिवाय रात्री एकट्या माणसाला बोलायला कोणी तरी हवे असते. लेखक चार्लीला प्रश्न विचारतो, त्याच्या वतीने उत्तरे देतो, आणि त्याचे पुढचे दात वाकडे असल्यामुळे 'फ' हा वर्ण उच्चारू शकणारा हा एकमेव कुत्रा आहे, असे मोठ्या अभिमानाने नोंदवतो. आपल्या नाट्यपरंपरेत सूत्रधाराला जसा विदूषक लागतो, तसा निवेदकाला येथे चार्ली लागतो. कल्पना जुनीच आहे. ती निभावली मात्र फार चांगली आहे.

पुस्तक जुलै १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी त्यातील काही भाग 'हॉलिडे' मासिकात आले होते. पुस्तक खपाच्या यादीत अग्रस्थानी गेले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टाइनबेक यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते अमेरिकन शाळा-महाविद्यालयांत सत्य प्रवासकथन म्हणूनच वाचले गेले.

२०१० साली बिल स्टायगरवाल्ड हे निवृत्त वृत्तपत्रकार पुस्तकाचा मार्ग धरून निघाले. त्यांचा मूळ हेतू पन्नास वर्षांत देश किती बदलला हे पाहण्याचा होता. पुस्तकातल्या तारखा आणि मुक्काम मात्र जुळेनात. स्टाइनबेक यांची पत्रे १९७५ सालीच ग्रंथरूपात आलेली होती. त्यांतील १२ ऑक्टोबर १९६० चे पत्नीला लिहिलेले पत्र नॉर्थ डाकोटातील बीच या गावाहून लिहिलेले आहे. पुस्तकातला लेखक त्या सुमारास त्याच राज्यातील अॅलिस गावाजवळ नदीकाठी मुक्काम करून एका फिरत्या नटाशी शेक्सपिअरविषयी बोलत असतो. या दोन गावांत सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर आहे. पुढे न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातील हस्तलिखित स्टायगरवाल्ड यांनी पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. सिअॅटलपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील प्रवासात पत्नी एलेन बरोबर होत्या. पहिल्या खर्ड्यात त्या आहेत. छापील पुस्तकातून त्या गेल्या. गाडीत झोपण्याचे प्रसंगही वाचकाच्या समजुतीपेक्षा बरेच कमी होते आणि पुष्कळ रात्री हॉटेलांत गेल्या होत्या.

लेखकाच्या मुलांना याचे आश्चर्य वाटले नसावे. धाकटे जॉन यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, वडील त्या माणसांशी कधी बोललेच नाहीत, गाडीत बसून त्यांनी सारे लिहून काढले, अशी दोघा भावांची खात्री असल्याचे म्हटले आहे. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्टाइनबेक यांचे चरित्रकार जे परिनी यांनीही हे पुस्तक अक्षरशः खरे मानू नये, त्याचा कर्ता मुळात कादंबरीकार आहे, अशी सूचना केली.

कादंबरीकाराने थोडी भर घातली, एवढ्यावर हा विषय अनेकांनी मिटवला. वर्गात आम्हीही तेच उत्तर दिले होते. आता ते अपुरे वाटते, कारण मजकुरात घातलेल्या भरीपेक्षा मजकुरातून केलेली वजाबाकी अधिक महत्त्वाची आहे.

पॅसिफिक किनाऱ्याचा भाग पुन्हा वाचून पाहावा. ऑरेगॉनमध्ये रविवारी, भर पावसात, वजनाने दबलेल्या गाडीचे टायर फुटते आणि लेखक चिखलात एकटा हताश होतो. पुढे समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर वाढणाऱ्या, शंभर मीटरपर्यंत उंच जाणाऱ्या रेडवुड वृक्षांचे अरण्य येते. जगातील कुत्र्यांना स्वप्नातही दिसणार नाही असे झाड चार्लीला दाखवावे म्हणून लेखक त्याला मुद्दाम एका महावृक्षापाशी नेतो. चार्ली त्या खोडाकडे लक्षच देत नाही, तेव्हा लेखक विलोची एक फांदी तोडून त्या बुंध्याशी रोवतो, म्हणजे निदान तिच्या निमित्ताने तरी कुत्र्याने आपला कार्यभाग उरकावा. प्रसंग खुमासदार आहे. या साऱ्या किनाऱ्यावर पुस्तकात माणूस आणि कुत्रा असे दोघेच आहेत. शिकागोला पत्नी येऊन भेटते, टेक्सासला ती विमानाने येते, हे लेखक सांगतो. या सबंध किनाऱ्यावर ती शेजारी होती, हे सांगत नाही. तिच्याशी झालेले बोलणे कोठे गेले? आमच्या मते त्यातले काही चार्लीच्या वाट्याला आले असावे.

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणता आला असता. १९४० साली मार्च-एप्रिलमध्ये स्टाइनबेक आपले मित्र, सागरी जीवांचे अभ्यासक एड रिकेट्स यांच्याबरोबर 'वेस्टर्न फ्लायर' या मासेमारी नौकेतून कॅलिफोर्नियाच्या आखातात गेले होते. किनाऱ्याकिनाऱ्याने जीव गोळा करण्याच्या त्या सफरीवर लिहिलेले पुस्तक १९४१ साली आले आणि त्यातला प्रवासाचा भाग १९५१ मध्ये स्वतंत्रपणे निघाला. त्या नौकेवर त्यांची पहिली पत्नी कॅरोल होती. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' हे नाव सुचवणारी आणि त्या कादंबरीचे टंकलेखन करणारी ती हीच. प्रवासाच्या कथनात तिचा मागमूस नाही. दोन किनारे, दोन वाहने, दोन पत्नी आणि मध्ये वीस वर्षांचे अंतर. वगळण्याची पद्धत तीच. मित्र, खलाशी आणि कुत्रा यांना प्रवासाच्या कथनात जागा मिळते, बायकोला मिळत नाही. हा एका लेखकाचा स्वभाव म्हणावा की या वाङ्मयप्रकाराची पुरुषी घडण, याचा विचार आपल्या मराठी प्रवासवर्णनांच्या संदर्भातही करता येईल.

'चार्ली'च्या बाबतीत ही वजाबाकी अधिक गंभीर ठरते. एकटा माणूस आपला देश शोधावयास निघाला आहे, हा या पुस्तकाचा पाया आहे. रुंद महामार्ग देशभर झाले की काहीही न पाहता किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाता येईल, ही त्यातली तक्रार, माणसे एकसारखी होत चालल्याची खंत आणि आपल्या गावी आपण परके झालो ही व्यथा, या साऱ्यांचे वजन त्या एकटेपणावर उभे आहे. तारखा मागेपुढे केल्याने, दोन माणसे मिळून एक पात्र केल्याने हा पाया हलत नाही. सोबत झाकल्याने तो हलतो. स्टाइनबेक यांनी पुस्तकात स्वतःची एक ढाल तयार ठेवली आहे. प्राग शहर पाहून आलेले ते स्वतः आणि पत्रकार जोसेफ अल्सॉप यांनी पाहिलेली दोन शहरे एकमेकांशी जुळेनात, ही आठवण सांगून प्रत्येक प्रवाशाचे सत्य निराळे असते असे ते सुचवतात. दृष्टी निराळी असते हे मान्य. पण शेजारच्या आसनावर कोणी बसले होते की नाही, हा दृष्टीचा प्रश्न नाही.

याहून कठीण भाग शेवटी आहे. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समधील विल्यम फ्रांट्झ प्राथमिक शाळेत रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी केंद्रीय मार्शलांच्या पहाऱ्यात शिरली. त्यानंतर रोज सकाळी गोऱ्या बायकांचा जमाव जमून त्या लेकराला अर्वाच्य शिव्या देई. त्यानंतरच्या दिवसांत स्टाइनबेक तेथे पोहोचले. उत्तरेत ओळखी जुळवून देणाऱ्या चार्लीला पाहून येथे गाडीत काळा माणूसच बसला आहे असे वाटले, हा विनोद लोक पुन्हापुन्हा करतात. त्या बायकांच्या तोंडचे शब्द कोणत्याही वृत्तपत्राने छापले नाहीत, असे स्टाइनबेक नोंदवतात. त्यांच्या लेखणीचा खरा कस या पानांत लागतो. मात्र पुढे त्यांना भेटणारी माणसे, एक घाबरलेला वृद्ध कृष्णवर्णीय, एक द्वेष्टा गोरा, एक अधीर कृष्णवर्णीय विद्यार्थी, ही इतकी नेमकी योजलेली वाटतात की नॉर्थ डाकोटाच्या नटाची आठवण होते.

आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातली धग येथे कळते. नटाची भेट रचलेली ठरली तर वाचकाचे फारसे नुकसान नाही. त्याच हाताने लिहिलेली शाळेसमोरची साक्ष संशयित ठरली, तर एका मुलीवर झालेल्या अन्यायाची साक्ष दुबळी होते. सुदैवाने त्या घटनेला छायाचित्रे, चित्रफिती आणि खुद्द रूबी ब्रिजेस यांचे कथन यांचा आधार आहे. स्टाइनबेक खरे बोलत होते हे आपण इतरांच्या साक्षीवरून म्हणू शकतो. लेखकाच्या दृष्टीने ही स्थिती काही भूषणावह नव्हे.

मराठीच्या अभ्यासकाला हा पेच अगदी परका नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली फेरफार करून छापला. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. मधल्या काळात वाचकांच्या पिढ्यांनी सत्तावन्नचे बंड एका संपादकाच्या हातून गेलेल्या शब्दांत वाचले. मूळ संहिता हाती आल्यावर पुस्तकाचे मोल घटले नाही. ते कसे वाचावे, एवढे बदलले.

'चार्ली'चेही तसेच करावे, असे आम्हाला वाटते. ते अभ्यासक्रमातून काढू नये. त्याबरोबर १९६० च्या शरदातली पत्रेही विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत आणि प्रत्येक मुक्कामाला तीन गोष्टी विचाराव्यात: लेखक त्या दिवशी कोठे होता, बरोबर कोण होते, आणि पुस्तकातून कोण गाळले गेले. रोसिनांते आज सलिनास येथील स्टाइनबेक केंद्रात ठेवलेली आहे. तिच्यातली शय्या दोघांची होती, हे पुस्तकानेच पहिल्या काही पानांत सांगून ठेवले आहे. त्या विद्यार्थिनीला आता आम्ही सांगू, की होय, हे प्रवासवर्णनच आहे. फक्त प्रवास कोणाकोणाचा होता, ते आपल्याला पुस्तकाबाहेर जाऊन शोधावे लागेल.