सातव्या वॉर्डातली पाहणी

एखाद्या वस्तीत माणसं इतरांपेक्षा लवकर का मरतात, हे तिथल्या घराघरांत जाऊन विचारण्याची रीत आता आरोग्य खात्यांच्या अंगवळणी पडली आहे. अमेरिकेत तिचं मूळ शोधत मागे गेलं की आपण फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात पोहोचतो. साल १८९६.

लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांनी त्याआधीच गरिबीचे रंगीत नकाशे काढले होते. शिकागोच्या हल-हाउसमधल्या बायकांनी आपल्या परिसराचे तसेच नकाशे १८९५ मध्ये छापले होते. पण वंश आणि आजार यांचा संबंध दारोदार फिरून तपासण्याचं काम अंगावर घेतलं ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी. पुढे १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहून ज्यांच्याकडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, तेच हे ड्यू बॉइस. फिलाडेल्फियाला आले तेव्हा ते २८ वर्षांचे होते. हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन वर्षच झालं होतं, लग्न नुकतंच झालं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतलं खरं, पण शिकवायला वर्ग दिला नाही की बसायला खोली दिली नाही. नवराबायको सातव्या वॉर्डातच लोंबार्ड स्ट्रीटजवळ एका खोलीत राहू लागले.

शहरातल्या प्रतिष्ठितांचं निदान आधीच ठरलं होतं: शहर बिघडतंय ते कृष्णवर्णीयांमुळे. त्याच वर्षी प्रुडेन्शियल या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांचं जाडजूड पुस्तक आलं. कृष्णवर्णीयांचा मृत्युदर जास्त आहे, तो त्यांच्या वंशातच आहे आणि हा वंश ऱ्हासाकडेच चालला आहे, असा त्याचा सूर होता. आकडे खरे होते, मात्र त्यांवरून काढलेला अर्थ विषारी होता. या लोकांचा विमा उतरवणं कसं तोट्याचं, हे सांगायला तो अर्थ आयताच उपयोगी पडला.

ड्यू बॉइस यांनी आकडे नाकारले नाहीत. ते स्वतः दारोदार गेले. एकही गणक हाताशी न घेता त्यांनी सुमारे अडीच हजार कुटुंबं गाठली. वॉर्डात तेव्हा ९,६७५ कृष्णवर्णीय राहत होते. सोबत छापील प्रश्नपत्रकं असत: कुटुंबाचं वेगळं, घराचं वेगळं, रस्त्याचं वेगळं, घरकामाला राहणाऱ्यांचं वेगळं. वय, जन्मगाव, लिहिता-वाचता येतं का, काम काय, मिळकत किती, आणि दृष्टी, श्रवण, हातपाय धड आहेत का. मग खोल्या किती, भाडं किती, भाडेकरू ठेवलेत का. लोकांनी काही हसतमुखाने स्वागत केलं नाही. आपल्याला प्राण्यासारखं न्याहाळलं जातंय, हा त्यांचा राग ड्यू बॉइस यांनी पुढे आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदवला आहे. मला तो राग या कुळकथेतला फार महत्त्वाचा धागा वाटतो.

१८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ छापून आलं. त्यातलं आरोग्याचं प्रकरण आजही थक्क करतं. २,४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर आणि संडासाची सोय फक्त ३३४ कुटुंबांना होती. बाकीच्यांचं भागायचं ते मागच्या अंगणात, तेही पुष्कळदा शेजाऱ्यांबरोबर वाटून. आणि मग येते ती तुलना. पाचव्या वॉर्डात, जिथे सर्वांत वाईट वस्त्या होत्या, कृष्णवर्णीयांचा मृत्युदर हजारी ४८ च्या वर होता. तिसाव्या वॉर्डात घरं बरी होती, रस्ते स्वच्छ होते, आणि तिथल्या कृष्णवर्णीयांचा मृत्युदर हजारी २२ च्या आत होता. कातडी तीच, वंश तोच, शहरही तेच. हॉफमन यांच्या सिद्धान्ताला यापेक्षा चोख उत्तर मला माहीत नाही. ड्यू बॉइस तेवढ्यावर थांबले नाहीत. या माणसांच्या मरणाकडे सगळं राष्ट्र ज्या थंडपणे पाहतं, तो थंडपणाच आरोग्याच्या प्रश्नातली सर्वांत कठीण गाठ आहे, असं त्यांनी लिहिलं. नंतर अटलांटा विद्यापीठात १९०६ साली त्यांनी संपूर्ण परिषदच कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर भरवली; मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस तिथे आले होते.

पुढे याच पद्धतीला काळी बाजूही आली. १९२९ नंतर दक्षिणेतल्या काही काउंट्यांत सिफिलिसची पाहणी झाली, अलाबामातली मेकन काउंटी त्यातलीच. हेतू उपचाराचा होता. मंदीत पैसा आटला आणि १९३२ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने तिथेच उपचार न देता नुसतं निरीक्षण सुरू केलं. रोग झालेल्या ३९९ पुरुषांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, पेनिसिलीन आल्यावरही दिलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा कुठे हे थांबलं. प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला दार न उघडणारी आजी अडाणी नसते. तिच्या गावाने हे पाहिलेलं असतं.

१९८५ मध्ये मार्गारेट हेकलर आरोग्यमंत्री असताना निघालेल्या सरकारी अहवालाने अल्पसंख्य समाजांतले वर्षाला सुमारे ६०,००० मृत्यू टळण्याजोगे असल्याचं मान्य केलं. ड्यू बॉइस यांनी दाखवलेली दरी सरकारी कागदावर यायला ८६ वर्षं लागली. मग १९९९ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने ‘रीच’ नावाचा कार्यक्रम काढला आणि २००१ पासून एकेका समाजाची वेगळी पाहणी सुरू केली. राष्ट्रीय सरासरीत लहान समाज दिसतच नाहीत, म्हणून हा खटाटोप. पैसा स्थानिक संघटनांच्या युतींना मिळे. काय करायचं हे ठरवताना चर्चमधली माणसं, परिचारिका आणि रुग्ण एकत्र बसत.

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन आणि जॉर्जटाउन काउंट्यांत अशा युतीने मधुमेह हाती घेतला. तिथे कृष्णवर्णीय रुग्णांचे पाय कापावे लागण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त होतं. पावलं रोज कशी तपासायची, डॉक्टरकडे गेल्यावर मोजे आधी काढून कसे बसायचे, रक्ताच्या कोणत्या तपासण्या हक्काने मागायच्या, हे चर्चमध्ये आणि वाचनालयांत शिकवलं गेलं. काही वर्षांत पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया घटल्या. कृष्णवर्णीय पुरुषांमधली घट तर ठळक होती.