गोदावरी पाकिस्तानात गेली, कृष्णा राहिली

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे समुद्रकाठचे गाव नव्हे. दुसऱ्या सरफोजी राजांनी उभारलेले मुक्तांबाळ छत्र आणि कावेरीच्या कालव्यावरची शेती ही त्याची ओळख. तरीही १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टणम-वेदारण्यमच्या किनाऱ्यावरून आत शिरले, तेव्हा या परिसरातील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. अशा वादळांना ज्या सागरजलातून ऊर्जा मिळते, त्याची मोजदाद स्वतंत्र भारताने सुरुवातीच्या काळात ज्या जहाजांवरून केली, त्यांत एक जुनी फ्रिगेट होती.

ती मूळची रॉयल इंडियन नेव्हीची. दुसऱ्या महायुद्धात या नौदलासाठी ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक स्वान’ वर्गातील सहा युद्धनौका बांधल्या गेल्या आणि सर्वांना नद्यांची नावे मिळाली. कावेरी आणि किस्तना १९४३ मध्ये ग्लासगोजवळच्या यारो कारखान्यातून उतरल्या, तर गोदावरी त्याच वर्षी साउदॅम्प्टनच्या थॉर्निक्रॉफ्टमधून. (‘किस्तना’ म्हणजे इंग्रजी वळणाने लिहिलेली आपली कृष्णाच.) ताफ्यांचे रक्षण आणि पाणबुड्यांचा शोध हे त्यांचे काम. तेव्हा त्यांना स्लूप म्हणत. युद्धानंतर त्या फ्रिगेटमध्ये गणल्या जाऊ लागल्या.

१९४७ मध्ये देशाबरोबर नौदलाचीही वाटणी झाली. सतलज, जमुना, किस्तना आणि कावेरी भारताकडे राहिल्या. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानला मिळाल्या. तेथे नर्मदेची ‘झेलम’ झाली, गोदावरीची ‘सिंध’. त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या नदीचे नाव कराचीच्या नौदलाला नकोसे वाटावे, यात नवल नाही. १९५९ मध्ये ‘सिंध’ भंगारात गेली. भारताकडच्या सतलज आणि जमुना सागरी सर्वेक्षणाकडे वळल्या. किस्तनाच्या वाट्याला मात्र निराळे काम आले.

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली. तोवर हा महासागर शास्त्रज्ञांच्या नकाशावर जवळजवळ कोराच होता. अनेक देशांची मिळून सुमारे ४० जहाजे त्यात उतरली. भारताजवळ खोल समुद्राच्या संशोधनासाठी बांधलेले मोठे जहाज नव्हते. नौदलाने किस्तना दिली आणि १९६२ पासून तिच्यावर शास्त्रज्ञ वावरू लागले.

काम चिकाटीचे होते. तारेला ठरावीक अंतरावर धातूच्या नळ्या बांधून त्या खोल सोडायच्या, मग तारेवरून एक वजन खाली पाठवायचे. त्याच्या धक्क्याने नळी उलटून तेथलेच पाणी कोंडते. नळीला जोडलेल्या उष्णतामापकातील पारा त्या क्षणी तुटतो आणि त्या खोलीचे तापमान वर येईपर्यंत जसेच्या तसे राहते. पाणबुडीमागे धावण्यासाठी बांधलेल्या नौकेने यासाठी तासन्तास एका जागी थांबायचे! तरी हे काम तिला अगदी परके म्हणता येणार नाही. पाणबुडी शोधणारा ध्वनी तापमान आणि क्षारतेच्या थरांमध्ये वाकतो, म्हणून लढाऊ नौकेलाही समुद्राचे थर ओळखावेच लागतात.

बंगालच्या उपसागरात तर हे थर फार ठळक आहेत. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा यांचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर पसरते, खालचे थंड पाणी सहजासहजी वर मिसळू देत नाही. पृष्ठभागाजवळची उष्णता त्यामुळे टिकते आणि वादळाच्या कामी येते. ज्या नद्यांची नावे त्या नौकांना दिली होती, त्यांचेच पाणी समुद्रात गेल्यावर असा प्रताप दाखवते.

मोहिमेतील निरीक्षणांवरून क्लाउस विर्टकी यांनी तयार केलेला नकाशासंग्रह १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १ जानेवारी १९६६ रोजी, मोहिमेसाठी जमलेल्या माणसांमधून आणि नोंदींमधून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली होती. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. आज ती गोव्यात दोना पावला येथे आहे. किस्तनाचे नाव पुढे रीतसर ‘कृष्णा’ झाले. ‘गोदावरी’ हे नाव १९८३ मध्ये भारतीय नौदलात मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या फ्रिगेटला मिळाले.